पायरीवरून दिसणारं दुकान



आपल्या मानवतच्या बाजारपेठेत सकाळी शटर वर गेलं की दोन कामं ठरलेली. पायरी झाडून पाणी मारायचं आणि पायरीवर झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं. तो उठतो, अंग झटकतो, चार पावलं सरकतो आणि झाडणं झालं की परत तिथेच येऊन बसतो. त्याला कुणी कामावर ठेवलेलं नसतं, हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. तरी रात्री दीड वाजता कुलपाला कुणी हात लावला तर सगळ्यांत आधी तोच ओरडतो.

आपल्या भाषेने मात्र त्याच्यावर फार अन्याय केला आहे. वाईट दिवस आले की 'कुत्र्याचं जिणं', वाईट मरण आलं की 'कुत्र्याची मौत', फार दुर्दशा झाली की 'कुत्रं हाल खात नाही'. सुधारत नाही अशा माणसाला आपण त्याच्या वाकड्या शेपटाची उपमा देतो. आणि ज्या चाणक्यांच्या नावाने व्यवहाराची वचनं आपले सासरे-दीर येता-जाता ऐकवतात, त्यांच्या नीतीत तर उलटंच आहे. चाणक्यनीतीच्या सहाव्या अध्यायात माणसाने प्राण्यांकडून शिकण्याचे वीस गुण मोजले आहेत. सिंहाकडून एक, बगळ्याकडून एक, कोंबड्याकडून चार, कावळ्याकडून पाच, गाढवाकडून तीन आणि कुत्र्याकडून सहा. सगळ्यांत जास्त! जंगलच्या राजाला एक गुण आणि पायरीवरच्याला सहा.

हे सहा गुण असे. मिळालं तर पोटभर खाणं, थोडं मिळालं तर तेवढ्यात समाधान मानणं, गाढ झोपणं, पण चाहूल लागताच जागं होणं, धन्याशी इमान आणि शौर्य. प्रपंचाला आणि धंद्याला पुरून उरेल इतका माल यात आहे. पण मला आज त्याच्या गुणांइतकंच आणखी एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. त्याला आपण कसे दिसतो? अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो, आंधळ्यांची आणि हत्तीची गोष्ट मुलांना सांगतो. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात, हे आपल्याला पाठ आहे. मग आपल्या दुकानाची आणि घराची पायरीवरून दिसणारी बाजूही एकदा बघायला काय हरकत आहे?

त्याला पाटी दिसत नाही

कुत्र्याचे डोळे आपल्यासारखे नसतात. त्याला निळा आणि पिवळा रंग बऱ्यापैकी कळतो, लाल आणि हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. म्हणजे दुकानावरची लालभडक पाटी, काचेतली मांडणी, सेलचा फलक हे सगळं त्याच्या लेखी फिकं. पाटीवर 'स्थापना' कोणत्या सालची लिहिली आहे आणि 'अँड सन्स' आहे की नाही, यातलं त्याला काही वाचता येत नाही. त्याचं सगळं जग नाकात. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण साठ लाख असतील, तर कुत्र्याच्या नाकात त्या काही कोटींत असतात. माणूस ताणाखाली असला की त्याच्या घामाचा आणि श्वासाचा वास बदलतो आणि तो बदल कुत्रे ओळखतात, असं बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगात दिसलं. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आपण गादीवर बसून गिऱ्हाइकाकडे बघून हसत असलो आणि पोटात मात्र बँकेच्या हप्त्याची काळजी असली, तर गिऱ्हाइकाला कळो न कळो, पायरीवरच्याला कळण्याची शक्यता बरीच.

दुसरा एक अभ्यास आपल्याच देशातला आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतले संशोधक रस्त्यावरच्या कुत्र्यांवर बरीच वर्षं काम करतात. अनोळखी माणसावर कुत्रा विश्वास कधी ठेवतो, हे त्यांनी तपासलं. एका गटाला रोज खाऊ दिला, दुसऱ्या गटाला डोक्यावरून हात फिरवून माया दिली. काही दिवसांनी बघितलं तर खाऊ मिळालेल्यांपेक्षा माया मिळालेल्या कुत्र्यांचा त्या माणसावरचा भरवसा जास्त होता. रस्त्यावरचा भुकेला जीव, त्याला खाऊ प्यारा असणार असंच आपण म्हणू. पण त्याचा विश्वास बसला तो हातावर.

धंद्यात याला आपण 'पत' म्हणतो. सूट, स्कीम, दिवाळीचं गिफ्ट ही सगळी बिस्किटं आहेत. ती दिली की गिऱ्हाईक येतं, आणि शेजारच्याने दोन जास्त दिली की तिकडे जातं. जे गिऱ्हाईक तीन पिढ्या आपल्याच पायरीवर येतं, ते कशामुळे येतं ते आठवून बघा. पाथरीच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या म्हातारीला उन्हातून आल्या आल्या पाण्याचा तांब्या मिळतो, म्हणून येतं. ती दहा रुपयांची वस्तू मागते तेव्हा दुकानदार लाखाच्या गिऱ्हाइकासारखाच उठून ती काढून देतो, म्हणून येतं. पत पाटीवर रंगवता येत नाही. ती रोजच्या हातातून तयार होते आणि कुत्रा, गिऱ्हाईक, हमाल, घरचं लेकरू, सगळे आपल्याला त्या हातावरूनच ओळखतात. आज मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं याच्याच पोटातलं आहे.

सुगीत पोटभर, पडत्या काळात समाधान

चाणक्यांचे पहिले दोन गुण जोडीने येतात. मिळालं तर भरपूर खाणं आणि थोडं मिळालं तर थोड्यात राहणं. आपलं गाव कापसाचं. ज्या गावाचा पैसा कापसावर चालतो, तिथे हे दोन गुण एकत्रच लागतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागतो, जिनिंग सुरू होतात, मोंढ्यात गाड्यांच्या रांगा लागतात आणि चार महिने पैसा हातात खेळतो. कापड, किराणा, सोनं, भांडी, सगळ्यांचा गल्ला याच महिन्यांत भरतो. मग उन्हाळा येतो आणि मृग बरसेपर्यंत बाजार थंड.

कुत्रा हे चक्र तक्रार न करता जगतो. लग्नसराईत पंगतीमागे पोट भरलं तर भरलं, दुसऱ्या दिवशी चतकोर भाकर मिळाली तरी शेपूट तसंच हलतं. आपलं तसं होत नाही. सुगीच्या महिन्यांत जो खर्च वाढतो तो नंतर खाली यायला तयार नसतो. तेजीत घेतलेली गाडी मंदीतही हप्ता मागते. पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात पाहिलेला मांडव आपल्या लेकीच्या लग्नात हवासा वाटतो आणि तो सावकाराच्या किंवा बँकेच्या पैशाने उभा राहतो.

परिग्रह-परिमाण व्रत मला इथे फार व्यवहारी वाटतं. आपण ते फक्त व्रती लोकांसाठी आहे असं समजतो. खरं तर ते घरखर्चाचं अंदाजपत्रक आहे. माझी गरज इतकी, यापुढचं माझं नाही, अशी रेघ आधीच आखून ठेवायची. ही रेघ सुगीत आखावी लागते, कारण टंचाईत ती परिस्थितीच आखून देते आणि तेव्हा ती बोचते. कुत्राही कधी हाड पुरून ठेवतो म्हणा, आणि कधी कधी ते तसंच मातीत राहतं. आपल्या कपाटातल्या घडी न मोडलेल्या साड्या मोजल्या तर त्याला हसायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

गाढ झोप आणि सावध कान

पुढची जोडी झोपेची. आपण 'श्वाननिद्रा' म्हणजे अर्धवट झोप असं समजतो. चाणक्यांच्या यादीत मात्र गाढ झोप आणि पटकन जाग, हे दोन्ही गुण शेजारी शेजारी आहेत. कुत्रा झोपतो तेव्हा खरंच झोपतो. भर बाजारात, हातगाड्यांच्या खडखडाटात, मोटारसायकलींच्या हॉर्नमध्ये त्याची झोप मोडत नाही. त्याला रोजचा आवाज आणि वेगळा आवाज यातला फरक कळतो. वेगळा आवाज आला की कान आधी उठतो, मग तो.

आपल्या घरातल्या माणसांचं आज नेमकं उलटं झालं आहे. उशीजवळ मोबाईल, रात्री बारापर्यंत व्हॉट्सअॅपवर उद्याच्या भावाचे अंदाज आणि पहाटे डोळे उघडताच पुन्हा तेच. हा सगळा रोजचा आवाज. वेगळा आवाज मात्र ऐकू येत नाही. नवऱ्याचा बीपी वाढला आहे, मुलगा हल्ली जेवताना गप्प असतो, मुनीमजी महिनाभर नजर चुकवत आहेत, ज्या शेतकऱ्याला उधारी दिली तो या वर्षी दुकानापुढून न थांबता गेला. हे चाहूल देणारे आवाज आहेत. प्रत्येक खडखडाटाला भुंकणारा कुत्रा चोर आला तेव्हा दमलेला असतो. घराची आणि दुकानाची राखण करायची तर आधी स्वस्थ झोपायला शिकलं पाहिजे.

दोन कुत्रे आणि एक तुकडा

इमान हा कुत्र्याचा सगळ्यांत गाजलेला गुण. मालक मंडळींना तो फार आवडतो. 'आजकाल इमानदार माणसंच मिळत नाहीत' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक दुकानात ऐकू येतं. पण इमान एका बाजूने वाढत नाही, हेही कुत्र्यानेच दाखवून दिलं आहे.

व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन कुत्रे शेजारी शेजारी बसवले आणि दोघांनाही पंजा द्यायला सांगितलं. एकाला पंजा दिल्यावर खाऊ मिळायचा, दुसऱ्याला काहीच नाही. ज्याला काही मिळत नव्हतं त्याने थोड्या वेळाने पंजा देणं बंद केलं, तोंड फिरवलं, तो अस्वस्थ झाला. गंमत अशी की तोच कुत्रा एकटा असताना, खाऊ नसूनही, बराच जास्त वेळ पंजा देत राहिला होता. एकाला चांगला खाऊ आणि दुसऱ्याला नुसता ब्रेडचा तुकडा, एवढा फरकही त्यांनी चालवून घेतला. चाललं नाही ते एवढंच की शेजाऱ्याला काहीतरी आणि मला काहीच नाही.

आता हे दुकानात आणून बघा. लक्ष्मीपूजनाला गादीवरच्या माणसाला पाकीट, मिठाईचा डबा, कपडे. आणि पोतं उचलणाऱ्या हमालाला 'तुझं काय, तू रोजंदारीवर.' तो पगार कमी म्हणून जात नाही, समोर बसून बघावं लागतं म्हणून जातो. आणि मैत्रिणींनो, हे घरातही आणून बघा. दोन सुना असतील तर एकीच्या स्वयंपाकाचं पाहुण्यांपुढे कौतुक आणि दुसरीच्या हातची तीच आमटी मुकाट्याने संपवायची. लेकीला माहेरी आल्यावर सकाळी नऊपर्यंत झोपू द्यायचं आणि सुनेच्या दारावर साडेपाचला थाप. मग 'हिला घराबद्दल आपलेपणाच नाही' म्हणायचं. आपलेपणाचा पंजा दोन्ही बाजूंनी पुढे यावा लागतो. सगळ्यांना सारखंच देता येईल असं नाही, पण कुणाचाच हात रिकामा राहणार नाही एवढं प्रत्येक घराला जमतं.

जिथे तो गुरू नाही

कुत्र्याचं सगळंच घ्यावं असं मी म्हणणार नाही. त्याची एक खोड आपण नीट बघायला हवी. पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला व्यापारी आला तर बंगल्यातला कुत्रा नुसता वास घेऊन बाजूला होतो. कचरा वेचणारी बाई पोतं घेऊन फाटकाशी आली की जिवाच्या आकांताने भुंकतो. त्याला श्रीमंत-गरीब कुठून कळणार? पोतं, काठी, अनोळखी वास याने तो बिचकतो हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की तो आपल्या अंगाकडे बघतो. कुणाला बघून आपण उठतो, कुणाला बघून कपाळावर आठी येते, कुणाशी बोलताना आवाज चढतो, हे तो रोज बघतो आणि आपल्या वतीने भुंकतो.

आपली मुलंही तसंच शिकतात. दारावरच्या माणसाशी कसं बोलायचं हे पाठशाळेत शिकवलेलं एका बाजूला आणि आईच्या आवाजातून ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. आपला कुत्रा कुणावर भुंकतो हे एक दिवस लक्ष देऊन बघा. घराचा तो एक आरसाच आहे.

पाच अतिचार, खालून वाचलेले

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून घालणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि खाणंपिणं अडवणं. पर्युषणात आपण हे ऐकतो आणि मनात म्हणतो, मी कुठे कुणाला मारते? हीच यादी पायरीवर बसून वाचा. दुपारच्या उन्हात दोन हात दोरीने पत्र्याखाली बांधलेला हौसेचा परदेशी जातीचा कुत्रा, तो बंध. शेपूट बरं दिसत नाही म्हणून कापून आणलेलं पिल्लू, तो छेद. पायरीवर आला म्हणून अंगावर टाकलेलं कढत पाणी, तो वध. आणि दुकानात? रात्री दहापर्यंत थांबवून ठेवलेला पोऱ्या, क्विंटलाच्या पोत्याखाली वाकलेला म्हातारा हमाल, जेवणाच्या सुट्टीत तीनदा हाक मारलेली कामवाली. हे अतिभार आणि अन्नपाननिरोध नाहीत तर काय?

जिंतूरजवळच्या नेमगिरीला आपण सगळ्याच जातो. नेमिनाथ भगवंतांपुढे हात जोडताना त्यांनी वरातीचा रथ का फिरवला हे आठवतं ना? लग्नाच्या पंगतीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानावर पडला. वरातीत वाजंत्री होती, लोक होते, गलबला होता. तो आक्रोश इतरांनीही ऐकलाच असेल. रथ एकाने थांबवला. आपल्या समवसरणाच्या वर्णनातही बारा सभा आहेत आणि बारावी पशुपक्ष्यांची आहे. त्यांना फाटकाबाहेर ठेवलेलं नाही.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात तर स्पष्ट सांगितलं आहे की धर्माने कुत्राही देव होतो आणि पापाने देवही कुत्रा होतो. याचीच गोष्ट म्हणजे आपल्या पुराणातला जीवंधरकुमार. राजपुत्र असूनही तो वाढला गंधोत्कट शेठच्या घरी, म्हणजे व्यापाऱ्याच्या घरी. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरणाचं मारलं होतं. जीवंधराला तो वाचवता आला नाही. मग तो त्याच्याजवळ बसला आणि त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणाला. तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि पुढे जीवंधराच्या जिवावर बेतलं तेव्हा मदतीला धावून आला. लहानपणी मला या गोष्टीत यक्ष आवडायचा. आता मला तो रस्त्यात बसलेला मुलगा आवडतो. ज्याच्याकडून परत काहीही मिळण्याची आशा नाही, त्याच्यासाठी त्याने वेळ काढला. व्यापाऱ्याच्या घरातला सगळ्यांत चांगला व्यवहार हाच, ज्याची खतावणीत नोंद करता येत नाही.

आणि ही शिकवण फक्त आपलीच नाही. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा 'कोरडी खाऊ नकोस' म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. आजच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर मुंबईचं बॉम्बे हाऊस घ्या. टाटा समूहाच्या या मुख्यालयात रस्त्यावरच्या कुत्र्यांना मज्जाव नसतो. २०१८ मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा त्यांच्यासाठी खास खोलीच ठेवली गेली. एवढ्या मोठ्या धंद्याची पत पायरीवरच्या जिवाला आत घेतल्याने कमी झाली नाही.

दयेचा खर्च कुणी भरायचा?

आता थोडं अवघड बोलते. गल्लीत कुत्र्यांना पोळ्या घालण्यावरून आपल्यातच दोन तट पडले आहेत. एका बाजूला 'जीवदया करतो, कुणाच्या पोटात का दुखतं' म्हणणाऱ्या. दुसऱ्या बाजूला जिच्या लेकराला शाळेतून येताना कुत्र्याने फोडलं ती आई. मला दोघी आपल्याच वाटतात. पण खाऊ घालणारीने आधी त्या आईचं ऐकलं पाहिजे. दया माझी आणि तिचा खर्च शेजारणीच्या लेकराने भरायचा, हा हिशोब कोणत्याच धर्मात बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच बजावलं. नसबंदी आणि लसीकरण केलेली कुत्री त्यांच्याच भागात परत सोडायची, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडायची नाहीत. रस्त्यात कुठेही खाऊ घालायचं नाही, त्यासाठी नगरपालिकांनी जागा ठरवून द्यायच्या. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. म्हणजे पोळी टाकून पुढे जाणं हे आता पुरेसं नाही.

नसबंदीबद्दल आपल्या बायकांच्या मनात शंका असते, की हा छेदाचा दोष तर नाही? माझं मत सांगते. आयसर कोलकात्याच्या अभ्यासात रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी सुमारे १९ टक्केच सात महिन्यांपर्यंत जगलेली दिसली. बाकीची चाकाखाली, आजाराने, माणसाच्या हाताने गेली. पोळ्या घालून वीण वाढवायची आणि मग ती मरताना डोळे मिटायचे, यात मला जास्त प्रमाद दिसतो. हिंसेच्या व्याख्येत प्रमाद हा शब्द आधी येतो, हे आपण जाणतोच. तरी कुणाला वेगळं वाटत असेल तर आपल्या महाराजांना, माताजींना जरूर विचारा. पण विचारून काहीतरी ठरवा, नुसतं टाळू नका.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. खाऊ घालण्याची जागा आणि वेळ एकच ठेवा. ती शाळेच्या, मंदिराच्या वाटेवर नको. नंतर जागा झाडून घ्या. आपल्या कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकातली भाकर कुत्र्यांना चांगलीच मानवते, कारण कांदा-लसूण त्यांच्या रक्ताला घातक असतो. बेदाणे घातलेला शिरा आणि चॉकलेट मात्र चुकूनही देऊ नका, दोन्ही त्यांच्यासाठी विषासारखं आहे. उन्हाळ्यात सावलीत गाळलेल्या पाण्याचं पसरट भांडं ठेवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. महिला मंडळाच्या भिशीतून दरवर्षी काही रक्कम लसीकरणासाठी बाजूला काढा आणि नगर परिषदेला नसबंदीसाठी एकत्र सह्यांचा अर्ज द्या. कायद्याने ते काम त्यांचंच आहे. आणि कुणालाही कुत्रा चावला तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा दिसायला लागला की उपाय नसतो, आधी मात्र तो पक्का टळतो.

चाणक्यांच्या यादीतला शेवटचा गुण शौर्याचा. मला वाटतं आपल्या वाट्याचं शौर्य हेच आहे. कैवार घ्यायचा तर शेवटपर्यंत, गैरसोयीसकट घ्यायचा.

येत्या क्षमावणीला आपण एकमेकींना हात जोडू, फोनवर मेसेज पाठवू. क्षमा मागताना 'सर्व जीवांची' असं म्हणतो. त्या सर्वांमध्ये जे आपल्या पायरीच्या वर कधी येत नाहीत, त्यांचीही आठवण ठेवू या. ते मेसेज वाचत नाहीत, पाटी वाचत नाहीत. आपला हात मात्र त्यांना अगदी बरोबर वाचता येतो.

जय जिनेंद्र.